घरामागच्या जागेत २८ चौरस मीटरचं घर: परवानगीसाठी कुठून सुरुवात करायची?

प्रश्न थोडक्यात असा. आईवडिलांच्या घरामागे मोकळी जागा आहे. प्लॉट १२ बाय २५ मीटर, म्हणजे ३०० चौरस मीटर. जुन्या घराने तळाला ११८ चौरस मीटर जागा घेतली आहे, पुढे गाडीसाठी १४ चौरस मीटरची पक्की शेड आहे आणि मागे कुंपणापर्यंत साडेसात मीटर मोकळे आहेत. तिथे २८ चौरस मीटरचं, साधारण ३०० चौरस फुटांचं स्वतंत्र घर हवंय: एक खोली, ओटा, न्हाणीघर-संडास आणि झोपायला वर माळा. तयार नकाशा इंटरनेटवरून विकत घेऊन झालाय. चाकांवर बांधलं तर परवानगी लागत नाही असं कोणीतरी सांगितलंय. ते खरं का? नसेल तर सुरुवात कुठून करायची?

नकाशा तूर्त कपाटात ठेवा. वाईट असेल असं नाही, पण तो कुठल्या जागेसाठी आणि कुठल्या नियमांसाठी काढला होता हे त्यावर लिहिलेलं नसतं. मी गेली कित्येक वर्षं नकाशे मंजुरीला लावतोय, आणि छोट्या घराच्या फायली अडतात त्या बहुतेक एकाच जागी: हे बांधकाम नक्की कुठल्या प्रकारात मोडतं, हे कोणी आधी ठरवलेलंच नसतं.

परवानगीच्या कार्यालयात टेबलापलीकडच्या माणसाकडे ठरलेले कप्पे असतात. मुख्य निवास, त्याच प्लॉटवरचं दुय्यम निवास, पूरक बांधकाम (शेड, गॅरेज, कोठीघर), तात्पुरती रचना, वाहन. तुमचं घर ज्या कप्प्यात बसेल त्यावर किमान आकार, सोडायची अंतरं, पार्किंग, शुल्क, सगळं ठरतं. तेच २८ चौरस मीटर एका कप्प्यात सहज बसतात आणि दुसऱ्यात बेकायदा ठरतात. हे किती टोकाला जातं ते बघा. इंग्लंडच्या २०१५ च्या राष्ट्रीय मानकानुसार एका माणसाच्या, शॉवर असलेल्या घराला किमान ३७ चौरस मीटर हवेत. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेला २०१८ साली परिशिष्ट ‘क्यू’ जोडलं गेलं. त्यात छोटं घर म्हणजे माळा वगळून जास्तीत जास्त ३७ चौरस मीटर. इंग्लंडची किमान मर्यादा तीच अमेरिकेची कमाल. शिवाय दोन्हीकडे मेख आहे: स्थानिक संस्थेने तो नियम स्वीकारला असेल तरच तो लागू. म्हणून ‘अमुक देशात चालतं’ या वाक्याला कार्यालयात शून्य किंमत आहे. तुमच्या शहराने काय स्वीकारलंय, तेवढंच विचारायचं.

तुमच्या बाबतीत शोधायचा कप्पा बहुधा ‘दुय्यम निवास’ हाच. ज्या शहरांत हा कप्पा आहे तिथे काम खूप सोपं होतं. कॅलिफोर्नियात २०१७ पासून एकामागून एक कायदे करून तो इतका मोकळा केला की आता पूर्ण अर्ज आल्यावर ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, किमान प्लॉटची अट घालता येत नाही, बाजूला आणि मागे १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर मागता येत नाही आणि साधारण ७० चौरस मीटरखालच्या घराला विकास-आकार माफ आहे. व्हँकुव्हरने २००९ पासून गल्लीच्या बाजूची घरं मान्य केली, टोरोंटोने २०२२ मध्ये परसातली. जिथे हा कप्पाच नाही, तिथे दोन वाटा उरतात: जुन्या घराला जोडून ‘वाढीव बांधकाम’ दाखवायचं, किंवा प्लॉटचं रीतसर विभाजन करून मागचा तुकडा वेगळा करायचा. तुमच्या १२ मीटर रुंदीत विभाजन जवळपास अशक्य आहे. मागच्या तुकड्याला स्वतःचा रस्ता कुठून देणार? जपानमध्ये तर नियमच आहे की घराच्या प्लॉटची किमान २ मीटर बाजू निदान ४ मीटर रुंद रस्त्याला लागून हवी. त्या अटीत बसतील असे चिंचोळ्या बोळाच्या टोकाचे प्लॉट तिथे जागोजागी आहेत. जोडून बांधणं मात्र मनावर घेण्यासारखं आहे. मधली भिंत एकच, पाया निम्मा, अंतराचा प्रश्नच नाही. स्वतंत्रपणाची हौस थोडी कमी होते, एवढंच.

तिसरी एक पळवाट लोक शोधतात: कोठीघर किंवा ‘कामाची खोली’ म्हणून परवानगी घ्यायची आणि मग राहायला जायचं. तसं करू नका. बहुतेक नियमांत खोली आणि घर यांच्यातली रेघ ओटा आणि संडास हीच असते. न्यूझीलंडने २०२० मध्ये ३० चौरस मीटरपर्यंतच्या सुट्या, एकमजली बांधकामाला परवान्यातून सूट दिली, पण त्यात संडास-न्हाणीघर नको, आणि झोपायला वापरायची असेल तर स्वयंपाकाची सोयही नको. मुख्य घराचा भाग म्हणूनच वापरायची. तुमच्या यादीत दोन्ही आहे. तपासणीला आलेल्या माणसाला ओट्याखालचा ड्रेनेजचा पाइप दिसला की तुमच्या ‘कोठीघरा’ची गोष्ट तिथेच संपते.

आता चाकांबद्दल. चाकांवरच्या घरांची टूम निघाली तीच किमान आकाराचे नियम चुकवायला. घर इमारत नसून वाहन ठरलं की बांधकामाची संहिता लागू होत नाही, हे तर्कशास्त्र. ते अर्धंच खरं आहे. संहिता सुटते, जमिनीचा वापर सुटत नाही. गाडी अंगणात उभी करणं ही एक गोष्ट आणि तिच्यात बारा महिने राहणं ही दुसरी. दुसरीला जमीन-वापराचा नियम लागतोच, शिवाय पाणी, वीज, मैला यांची स्वतंत्र खाती आहेत. काही शहरांनी खुली परवानगी दिली आहे. फ्रेझ्नोने २०१६ मध्ये, लॉस एंजेलिसने २०१९ च्या अखेरीस, पोर्टलंडने २०२१ मध्ये. पण लॉस एंजेलिसची अट वाचा: गाडी म्हणून नोंदणी हवी आणि तिची चाकं, धुरा, जोडाचा दांडा बाहेरून दिसता कामा नये. म्हणजे चाकं ठेवायचीही आणि लपवायचीही!

आणि रुंदी? रस्त्यावरून न्यायचं तर अमेरिकेत सुमारे २.६ मीटर, युरोपात २.५५ मीटर ही बाहेरची मर्यादा. भिंती वजा जाता आत सव्वादोन मीटर मिळाले तर नशीब. युरोपात मोटारीमागे ओढायच्या ट्रेलरला साडेतीन टनांची मर्यादा आहे, ती वेगळीच. तुमचं घर एकदा परसात गेलं की पुन्हा हलणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मग न हलणाऱ्या घरासाठी आयुष्यभर सव्वादोन मीटरच्या डब्यात का राहायचं? माझं मत विचाराल तर स्वतःच्या घराण्याची जागा असताना चाकं घेऊ नयेत. कर्ज आणि विमाही पायावरच्या घराला जास्त सहज मिळतो. हाच न्याय कंटेनरला आणि कारखान्यात बनलेल्या तयार घराला: ते ट्रकवरून आलं म्हणून वाहन होत नाही.

आता जमिनीचं गणित. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या आकड्यांतच उत्तर लपलंय. समजा तुमच्या झोनमध्ये ५० टक्के जमीन व्यापता येते. ३०० चे १५०. जुनं घर ११८ आणि शेड १४, मिळून १३२. शिल्लक १८. म्हणजे आहे त्या स्थितीत २८ चौरस मीटरचं तळमजली घर बसत नाही, नकाशा कितीही सुंदर असो. शेड पाडली तर शिल्लक ३२ होतात आणि घर बसतं. पण मग गाडीची जागा कुठे दाखवणार, हा पुढचा प्रश्न. उघड्या, बिनछताच्या पार्किंगला व्याप्ती लागत नाही असं बहुतेक ठिकाणी असतं. तसं असेल तर शेडचं छप्पर काढून फरशी ठेवली की काम झालं. दुसरा उपाय दुमजली घर, तळाला १४ आणि वर १४. त्यात जिना दोन-तीन चौरस मीटर खाऊन टाकतो, म्हणून मला तो दुय्यम वाटतो. ही टक्केवारी आणि चटई क्षेत्र निर्देशांक (सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्र प्लॉटच्या किती पट चालतं ते) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही स्वतंत्रपणे तपासा. जुन्या घराचे मजले जास्त असतील तर व्याप्ती शिल्लक असून चटई क्षेत्र संपलेलं असतं.

मग अंतरं. मागे साडेसात मीटर आहेत. मागची हद्द सोडून १.२ आणि जुन्या घरापासून ३ मीटर सोडावे लागले, तर खोलीला ३.३ मीटर उरतात. भिंती १५ सेंटिमीटरच्या धरल्या तर आत ३ मीटर. छान. रुंदीकडून दोन्ही बाजूंना १.२ सोडून ९.६ मीटर मिळतात, त्यात ३.३ बाय ८.५ चं घर, म्हणजे तुमचे २८ चौरस मीटर, आरामात बसतात. पण मागचं अंतर १.२ ऐवजी २ मीटर निघालं तर? बाहेरून २.५, आतून २.२. भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत एकच राहती खोली असेल तर तिला किमान ९.५ चौरस मीटर क्षेत्र आणि २.४ मीटर रुंदी लागते. ऐंशी सेंटिमीटरने घर नापास. म्हणून नकाशाच्या आधी हद्दीची मोजणी. कुंपण म्हणजे हद्द असं धरून चालू नका; जुनी कुंपणं बऱ्याचदा सोयीने घातलेली असतात, आणि छोट्या घराला वीस-तीस सेंटिमीटरची चूक परवडत नाही.

हद्दीजवळच्या भिंतीला आगीचा नियमही असतो. अमेरिकी संहितेत हद्दीपासून दीड मीटरच्या आतली भिंत, घरात स्प्रिंकलर नसतील तर, एक तास आग थोपवणारी हवी, आणि ९१ सेंटिमीटरच्या आत खिडकी-दार काहीच चालत नाही. लाकडी घर मनात असेल तर हा मुद्दा आधीच समजून घ्या. बंब पोचणं हा त्याचाच दुसरा भाग. त्याच देशातल्या अग्निसंहितेनुसार बंबाच्या रस्त्यापासून घराच्या बाहेरच्या भिंतीचा प्रत्येक भाग साधारण ४५ मीटरच्या पल्ल्यात यावा लागतो. तुमचा प्लॉट २५ मीटर खोल आहे, पल्ला प्रश्न नाही. पण जुन्या घराच्या बाजूने मागे जाणारी वाट मोकळी आहे का, की तिथे पाण्याची टाकी आणि सायकली आहेत?

ड्रेनेजकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि काम अडतं तिथेच. परसातून रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत पाइप उताराने जायला हवा. १०० मिलिमीटरच्या पाइपला साठात एक उतार धरला तर १८ मीटरला ३० सेंटिमीटर उतार खर्ची पडतो. रस्त्याकडच्या चेंबरमध्ये पाइपचा तळ जमिनीपासून किती खाली आहे ते झाकण उघडून, पट्टी टाकून मोजा. तो ४० सेंटिमीटरवरच असेल आणि परस रस्त्यापेक्षा खोलगट असेल, तर एकतर जोतं उचला किंवा पंप बसवा. जोतं उचललं की एकूण उंची वाढते, आणि उंचीचं भांडण थेट माळ्याशी येतं.

माळा. छोट्या घराच्या नकाशांत सगळ्यात हौसेने काढलेला आणि मंजुरीत सगळ्यात जास्त शेरे मिळवणारा भाग हाच. आधी विचारायचं: माळा म्हणजे तुमच्या नियमांत खोली, मजला की सामान ठेवायची जागा? जपानमध्ये १.४ मीटरपर्यंत उंचीचा आणि खालच्या मजल्याच्या निम्म्याहून कमी क्षेत्राचा माळा फरशीच्या क्षेत्रात धरत नाहीत, पण तो कागदावर कोठीचा असतो. त्यावर पलंग दाखवलात की अर्थ बदलतो. परिशिष्ट ‘क्यू’ मध्ये उलट माळ्यावर झोपायला सरळ मान्यता आहे, अटींसकट: क्षेत्र किमान ३.२५ चौरस मीटर, कुठल्याही बाजूला दीड मीटरहून कमी नाही, उतरत्या छपराखाली ९१ सेंटिमीटरपेक्षा ठेंगणा भाग मोजायचा नाही. वर जायला शिडी चालते, पण तिचा कोन ७० ते ८० अंशांत हवा. आणि माळ्यावरून थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा छतातली झडप हवी, जिची खालची कड माळ्याच्या जमिनीपासून ११२ सेंटिमीटरच्या आत असेल. ही शेवटची अट कागदी वाटते, पण आग लागते तेव्हा धूर आधी वरच साचतो आणि झोपलेला माणूसही वरच असतो. तुमच्या नियमांत ही अट नसली तरी ती खिडकी ठेवाच.

उंचीची बेरीज करून पाहा. जोतं ३० सेंटिमीटर, खाली २.०३ मीटर (परिशिष्ट ‘क्यू’ची राहत्या जागेची किमान उंची), माळ्याची जाडी १५ सेंटिमीटर, वर १.४ मीटर, छप्पर २० सेंटिमीटर: ४.०८ मीटर. आता खाली २.०३ च्या जागी भारतीय संहितेतली २.७५ मीटर उंची घाला, ४.८० होतात. कॅलिफोर्नियातल्या सुट्या दुय्यम घराची नेहमीची मर्यादा ४.९ मीटर आहे, त्यात जेमतेम शिरतं. जिथे पूरक बांधकामाला ४ मीटरच मिळतात तिथे माळ्याचा विषय मिटला. न्हाणीघर आणि ओट्यावरच माळा घेऊन उरलेली खोली पूर्ण उंचीची ठेवली तर बरंचसं जमतं, आणि खोलीही कोंदट वाटत नाही. पण वयस्कर आईवडील कधीतरी इथे राहायला येतील अशी शक्यता असेल, तर माळ्यावर झोपण्याचा बेत सोडा आणि भिंतीत दुमडणारा पलंग घ्या. रात्री दोनदा शिडी उतरणं चाळिशीतही सुखाचं नसतं.

एवढं गणित हातात आलं की कार्यालयात जा. अर्ज घेऊन नव्हे, चौकशीला. एका कागदावर प्लॉटचं मापासहित रेखाटन, उत्तर दिशा, जुनं घर, नव्या घराचा नुसता चौकोन, झाडं, विजेची तार, चेंबर. अर्जपूर्व भेटीची रीतसर सोय असेल तर तिची वेळ घ्या. तिथे ‘मला छोटं घर बांधता येईल का?’ असं विचारू नका. त्याला सोपं उत्तर ‘नाही’ हेच आहे. असं विचारा: या प्लॉटवर दुय्यम निवास मान्य आहे का, कुठल्या कलमाने? किमान क्षेत्र किती? शेड व्याप्तीत धरता का? जुन्या घरापासून अंतर किती? माळा क्षेत्रात धरता का? वेगळं पार्किंग लागेल का? वीज-पाण्याचं वेगळं मीटर मिळेल का? प्रत्येक उत्तरासमोर कलमाचा क्रमांक लिहून घ्या आणि घरी जाऊन ‘आपल्या बोलण्यात असं ठरलं, काही चुकलं असल्यास कळवावे’ अशी ईमेल टाका. तोंडी ‘चालून जाईल’ वर विटा आणू नका. तो माणूस बदलून जातो, कलम जागेवर राहतं.

त्याच भेटीत जुन्या घराची कागदपत्रंही निघतात, आणि इथे धक्के बसतात. मागची पडवी मंजूर नकाशात नाही, शेडची नोंदच नाही, एक खोली वीस वर्षांपूर्वी ‘अशीच’ वाढवलेली. नवी फाइल लावली की जुनं सगळं तपासलं जातं. ते आधी नियमित करून घ्या, नाहीतर तुमच्या २८ चौरस मीटरच्या अर्जावर शेरा पडेल तो आजोबांच्या पडवीचा. जागा अजून कोणाकोणाच्या नावावर आहे तेही पाहा. सहमालकाची सही नसली तर फाइल पुढे सरकत नाही.

मग नकाशाकार किंवा अभियंता नेमायचा. मोठ्या बंगल्यांची कामं दाखवणाऱ्यापेक्षा ज्याने त्याच कार्यालयातून दुय्यम निवास मंजूर करून आणलंय असा माणूस शोधा. आता कपाटातला नकाशा बाहेर काढा आणि त्याला दाखवा. बहुधा मांडणी राहील, मापं बदलतील. एक कटू गोष्ट इथेच सांगतो. घर चौथाई आकाराचं असलं म्हणून खर्च चौथाई होत नाही. मोजणी, नकाशे, संरचना-प्रमाणपत्र, छाननी शुल्क, नळजोड, वीजजोड हे मोठ्या घराला जवळपास जेवढं लागतं तेवढंच छोट्याला. शिवाय घरातले सगळ्यात महागडे चौरस फूट ओट्याचे आणि न्हाणीघराचे, आणि ते तुम्ही गाळू शकत नाही. त्यामुळे दर चौरस मीटरला खर्च जास्तच येतो. काही शहरं आधीच मंजूर केलेले नमुना-नकाशे देतात. आवडीला मुरड घालून तो घेतला तर छाननीतला बराच वेळ वाचतो.

त्रुटीपत्र येणारच, घाबरू नका. आलेल्या प्रत्येक शेऱ्याला क्रमांकाप्रमाणे, एकाच पत्रात, सुधारलेल्या नकाशासह उत्तर द्या. तुकड्या-तुकड्यांनी दिलेली उत्तरं फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी नेऊन ठेवतात. नियमात सूट मागायची वेळ आलीच तर ‘आम्हाला जागा कमी पडते’ हे कारण चालत नाही. प्लॉटचा आकार, उतार किंवा जुनं झाड असं जागेतलंच कारण लागतं. सूट मागताना बऱ्याच ठिकाणी शेजाऱ्यांना नोटीस जाते, तेव्हा नोटिशीच्या आधी तुम्हीच रेखाटन घेऊन त्यांच्याकडे जाऊन या. त्यांची काळजी साधारणपणे दोनच गोष्टींची असते: खिडकी कुठे उघडते आणि पावसाचं पाणी कुणीकडे पडतं. मागच्या भिंतीची खिडकी उंचावर घेतलीत आणि छपराचा उतार आपल्या अंगणाकडे ठेवलात तर हरकत घेण्यासारखं फारसं उरत नाही.

परवानगी हातात आली की तिची मुदत पाहा; ठरावीक काळात काम सुरू केलं नाही तर ती संपते. काम चालू असताना पाया, ड्रेनेज, वायरिंग अशा टप्प्यांवर तपासणी असते, आणि चर बुजवण्याआधी, भिंत झाकण्याआधी ती झालेली हवी. पाइप टाकल्यावर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढून ठेवा. गिलावा झालेली भिंत फोडायला लावणारा तपासनीस अशा फोटोंवर बरेचदा समाधान मानतो. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. ते मिळेपर्यंत राहायला जाऊ नका आणि भाडेकरूही ठेवू नका. त्याच वेळी नव्या घराला स्वतंत्र घरक्रमांक मागून घ्या. वेगळं वीजमीटर, टपाल आणि पत्त्याचा पुरावा, तिन्ही त्या क्रमांकावर अवलंबून असतात, आणि मागाहून मागायला गेलं तर त्याची वेगळी फाइल होते.